ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा फिल्टर घरी बदलायचा असेल तर

ऑटोमॅटिक गाडीत गिअर बदलण्याचं खरं अंगमेहनतीचं काम तेल करतं. कॉम्प्युटर फक्त हुकूम सोडतो. हुकूम मिळाला की एक झडप उघडते, दाबाखालचं तेल एका पिस्टनच्या मागे शिरतं, पिस्टन क्लचच्या चकत्या एकमेकींवर आवळतो आणि गाडी पहिल्यातून दुसऱ्यात जाते. हा दाब तयार करणारा पंप इंजिन चालू असेपर्यंत फिरत राहतो. तेल तो गिअरबॉक्सच्या तळाच्या चेंबरमधून ओढून घेतो, आणि त्या वाटेवर एक फिल्टर असतो. म्हणजे फिल्टर पंपाच्या आधी, शोषणाच्या बाजूला बसतो. एवढी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. सील का जपायचं, तेलाच्या पातळीबद्दल एवढा आग्रह का धरायचा, फडक्याचा एक धागासुद्धा आत का जाऊ द्यायचा नाही, हे सगळं तिच्यातूनच उलगडत जातं.

इंजिन ऑईलच्या फिल्टरशी तुलना केली की फरक लगेच कळतो. इंजिनात मुख्य फिल्टर पंपाच्या पुढे असतो. पंप तेल जोरात ढकलतो, त्यामुळे बारीक छिद्रांचा कागदी फिल्टर चालतो, आणि तो तुंबलाच तर बायपास झडप उघडून निदान न गाळलेलं तेल तरी पुढे जातं. गिअरबॉक्सच्या चेंबरमधल्या फिल्टरला ही चैन नाही. इथे पंपाला तेल ओढायचं असतं, आणि ओढण्याला निसर्गाचीच मर्यादा आहे: हवेच्या दाबापेक्षा जास्त ताकद शोषणात मिळत नाही. म्हणून हा फिल्टर फार बारीक ठेवता येत नाही. जुन्या गिअरबॉक्समध्ये ती नुसती धातूची किंवा नायलॉनची जाळी असे. नंतर नमद्यासारख्या जाड कापडाचे फिल्टर आले, जे कण आपल्या जाडीत अडकवून ठेवतात. थंडीत तेल घट्ट असतं तेव्हाही पंपाची तहान भागली पाहिजे, हे गणित सांभाळून ही बनावट ठरते.

फिल्टर तुंबायला लागला की पंपाला पुरेसं तेल मिळत नाही. तेलात पोकळ बुडबुडे तयार होतात, दाब डळमळतो आणि त्याच्या खुणा गाडीत दिसू लागतात. इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर चढत जाणारा बारीक ‘घूंऽऽ’ आवाज येतो. डी किंवा आर टाकल्यावर गाडी क्षणभर विचार करून मग पकड घेते. चढावर इंजिन ओरडतं, पण गाडी त्या मानाने सरकत नाही. मात्र नुसतं तेल कमी असलं तरी हीच लक्षणं दिसतात, आणि क्लचच्या चकत्या झिजल्या असल्या तरीही दिसतात. तेव्हा फिल्टर मागवण्याआधी तेलाची पातळी, रंग आणि वास बघणं हे पहिलं काम.

आधी बघा, फिल्टर हाताशी येतो का

घरी हे काम करू पाहणाऱ्या बऱ्याच जणांची पहिली निराशा इथेच होते. चेंबर उतरवला की फिल्टर समोर लटकलेला दिसेल, ही समजूत सगळ्या गाड्यांना लागू पडत नाही.

होंडाच्या बऱ्याच ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये जाळी पोटात असते. गिअरबॉक्स खोलल्याशिवाय तिथे हात पोहोचत नाही. तिथे तळाचा प्लग काढून तेल बदलणं एवढंच आपल्या हाती असतं. जनरल मोटर्सच्या ६टी४० या गिअरबॉक्सचं तेच. झेडएफच्या ६एचपी आणि ८एचपी गिअरबॉक्सना अनेक गाड्यांत प्लास्टिकचा चेंबर असतो आणि फिल्टर त्याच्यातच घडवलेला असतो, म्हणजे फिल्टर बदलायचा तर अख्खा चेंबर बदलायचा. सीव्हीटीमध्ये (ठराविक गिअरांऐवजी पट्टा आणि पुलीवर चालणाऱ्या ऑटोमॅटिकमध्ये) काही वेळा दोन फिल्टर असतात: चेंबरमध्ये जाळी आणि तेल थंड करणाऱ्या कूलरपाशी कागदी काडतूस. फोक्सवॅगनच्या डीक्यू२५० या ओल्या दुहेरी क्लचच्या गिअरबॉक्सचा फिल्टर बाहेरून उघडणाऱ्या डबीत असतो आणि तो तेलासोबत दर ६०,००० किलोमीटरला बदलायचा असतो. एएमटी असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही. आत साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो, क्लच आणि गिअर हलवायला फक्त यंत्राचे हात लावलेले असतात.

पुढचं सारं वर्णन पारंपरिक ऑटोमॅटिकचं आहे: टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग), तळाला बोल्टने बसवलेला चेंबर आणि आत सुटा फिल्टर. आपल्या गाडीत कोणता गिअरबॉक्स आहे हे मॉडेलच्या नावावरून ठरवू नका. एकाच मॉडेलमध्ये वर्षानुसार आणि इंजिनानुसार गिअरबॉक्स बदलतात, आणि एकाच गिअरबॉक्सला कधी उथळ तर कधी खोल चेंबर असतो. खोल चेंबरात उथळ चेंबरचा फिल्टर बसवला तर त्याचं तोंड तळापासून उंच राहतं आणि वळणावर तेल बाजूला सरकलं की पंप हवा ओढतो. भाग मागवताना चासी नंबर द्या, आणि चेंबर उतरल्यावर जुना-नवा फिल्टर शेजारी ठेवून उंची, तोंडाची जागा, नळीची लांबी जुळवून बघा.

‘या गाडीत आयुष्यभराचं तेल आहे, हात लावू नका’ असंही ऐकायला मिळतं. तेल उष्णतेने खराब होतं, आणि रसायनशास्त्राचा ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी चढलं की ऑक्सिडेशनचा वेग साधारण दुप्पट होतो. गर्दीत रखडणारी, घाटात चढणारी, मागे ट्रेलर ओढणारी गाडी हे तेल लवकर शिजवते. ‘आयुष्यभर’ म्हणजे कोणाचं आयुष्य, हा प्रश्न विचारायलाच हवा. खुद्द झेडएफ कंपनी आपल्या प्रवासी गाड्यांच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससाठी ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा जास्तीत जास्त ८ वर्षांनी तेल बदलायला सांगते. माझं मतही तेच आहे: तेल बदलता येतं त्या गिअरबॉक्समध्ये ते बदलावं.

तेल कोणतं

फिल्टर चुकला तर तो बहुधा बसत नाही, किंवा जुन्याशेजारी ठेवल्यावर चूक लगेच कळते. तेल चुकलं तर बाटलीतून निमूटपणे आत जातं आणि चूक काही आठवड्यांनी कळते. म्हणून जास्त चौकशी तेलाची करा.

या तेलाकडून परस्परविरोधी अपेक्षा असतात. दात आणि बेअरिंग यांना ते निसरडं हवं. क्लचच्या चकत्या आवळल्या जाताना ते हळुवार हवं, म्हणजे धक्का बसत नाही. पण चकत्या एकदा जुळल्या की त्याने त्यांना घसरू देता कामा नये. हा तोल घर्षण नियंत्रित करणाऱ्या रसायनांनी साधला जातो, आणि प्रत्येक कंपनीने आपल्या चकत्यांच्या अस्तरानुसार तो वेगळा ठरवला आहे. डेक्सरॉन, मरकॉन, एटीएफ+४, टोयोटाचं डब्ल्यूएस, होंडाचं डीडब्ल्यू-१, झेडएफचं लाईफगार्ड ही नावं त्यातूनच आली. चुकीचं तेल पडलं तर बेताच्या वेगात, टॉर्क कन्व्हर्टरचा क्लच लागतो त्या वेळी, गाडी खडबडीत रस्त्यावरून गेल्यासारखी थरथरते. सीव्हीटीचं तेल तर जातच निराळी. तिथे पोलादी पट्टा आणि पुली यांनी एकमेकांना धरून ठेवावं लागतं. साधं एटीएफ, म्हणजे पारंपरिक ऑटोमॅटिकचं तेल, सीव्हीटीत ओतू नये आणि सीव्हीटीचं यात ओतू नये.

या तेलाचा इतिहासही ऐकण्यासारखा आहे. मोठ्या प्रमाणावर विकली गेलेली पहिली संपूर्ण ऑटोमॅटिक, जनरल मोटर्सची हायड्रामॅटिक, १९४० सालच्या ओल्ड्समोबिल गाड्यांत आली. १९४९ मध्ये त्याच कंपनीने ‘टाईप ए’ नावाने या तेलाचं पहिलं प्रमाण ठरवलं. त्या काळच्या तेलांत घर्षणाचा तोल साधायला स्पर्म व्हेल या देवमाशाचं तेल घालत. अमेरिकेत त्यावर बंदी आली तेव्हा १९७०च्या दशकात पर्यायी रसायनं शोधावी लागली आणि डेक्सरॉनची कृती नव्याने बांधावी लागली. एक घटक बदलला तर केवढी उलथापालथ होते, याचा यापेक्षा मोठा दाखला नको.

तेल कोणतं हे ओळखायला रंगावर विसंबू नका. लाल रंग हा फक्त ओळखीसाठी मिसळलेला रंग आहे. झेडएफचं लाईफगार्ड ८ हिरवं असतं.

किती तेल लागेल? अशा गिअरबॉक्समध्ये एकूण ८ ते १२ लिटर तेल असू शकतं, पण चेंबर उतरवल्यावर साधारण ४ ते ५ लिटरच बाहेर येतं. बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, कूलरमध्ये आणि नळ्यांत राहतं. समजा १० लिटरपैकी ४ लिटर बदललं, तर एका खेपेत ४० टक्के तेल नवं होतं. थोड्या दिवसांनी तेवढंच पुन्हा काढून भरलं तर ६४ टक्के, आणखी एकदा केलं तर ७८ टक्के. नंतरच्या खेपांना, तळाला प्लग असेल तर, चेंबर उतरवायची गरज नसते. घरच्या कामासाठी मला हीच सावकाश रीत पसंत आहे. कूलरच्या नळ्या सोडवून चालू इंजिनावर सगळं तेल एकदम बदलण्याच्या नादात पंप कोरडा पडण्याचा धोका असतो.

आणि एक स्पष्टच सांगायला हवं. तेलाला जळका वास येत असेल, गाडी आधीच घसरत असेल, तर नवा फिल्टर आणि नवं तेल झिजलेल्या चकत्यांवर अस्तर चढवणार नाही. तेल स्ट्रॉबेरीच्या दुधासारखं गुलाबी, गढूळ दिसत असेल तर रेडिएटरमधला कूलर फुटून पाणी आत शिरलं आहे. चकत्यांचं अस्तर ज्या गोंदाने चिकटवलेलं असतं तो पाण्यात सुटतो. अशी गाडी चालवूही नका. या दोन्ही वेळी काम जाणकाराच्या हाती द्या.

गाडीखाली जाण्याआधी

जमीन पक्की आणि सपाट हवी. गाडी जॅकने उचला, पण टेकवा ती जॅक स्टँडवर, कंपनीने दाखवलेल्या जागी. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली डोकंसुद्धा घालायचं नाही. जॅकचं एक सील फुटलं की सावरायला वेळ मिळत नाही. जमिनीवर राहिलेल्या चाकांना ठोकळे लावा, हँडब्रेक ओढा आणि स्टँडवर टेकलेली गाडी खाली शिरण्याआधी हाताने जोरात हलवून बघा. हलली तर स्टँड पुन्हा लावा.

गाडी चारही बाजूंनी सारखी उचलली तर उत्तम, कारण शेवटी पातळी बघताना गिअरबॉक्स आडवा, सरळ असावा लागतो. फक्त पुढचा भाग उचलून काम उरकता येतं, पण पातळी बघायच्या वेळी गाडी सपाट आणावी लागते, आणि ज्या गाडीत पातळी खालूनच बघायची असते तिथे ही मोठीच अडचण होते. आधीच विचार करून ठेवा.

लांब फेरी मारून आल्यावर तेल ८०-९० अंशांवर असतं, त्याने हात भाजतात आणि शेजारचा एक्झॉस्ट तर त्याहून तापलेला असतो. गाडी थोडी चालवून आणा आणि मग तेल हाताला कोमट लागेल इतकी निवू द्या. कोमट तेल सुटसुटीत वाहतं. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण तुम्ही आडवे आणि तेल वर, अशी स्थिती आहे.

चेंबर उतरवताना

सगळ्यांत आधी भरण्याचा प्लग उघडून बघा. तेल काढून झालं आणि मग कळलं की भरण्याचा प्लग गंजून अडकलाय, तर रिकाम्या गिअरबॉक्सची गाडी जागेवरून हलवता येत नाही. डिपस्टिकच्या (तेलाची पातळी बघायच्या पट्टीच्या) नळीतून भरायचं असेल तर ही चिंता नाही. आपण इंजिनाचा किंवा डिफरन्शियलचा प्लग तर उघडत नाही ना, हेही चित्र समोर धरून ताडून घ्या.

तळाला प्लग असेल तर आधी तिथून तेल काढा. काही गाड्यांत, टोयोटाच्या अनेक मॉडेलमध्ये, याच प्लगच्या आत एक छोटी उभी नळी असते. ती पातळी दाखवणारी नळी. प्लग काढल्यावर थोडंच तेल येऊन थांबलं तर नळी अजून आतच आहे. तीही षटकोनी पान्याने सोडवावी लागते आणि नंतर आठवणीने परत बसवावी लागते.

प्लग नसेल तर चेंबरच वाकवून तेल काढायचं. मोठं पसरट भांडं खाली ठेवा. एका बाजूचे बोल्ट पूर्ण काढा, शेजारच्या दोन बाजूंचे सैल करा, चौथ्या बाजूचे जेमतेम ढिले ठेवा. पॅकिंग चिकटलेलं असतं, त्यामुळे चेंबर एकदम सुटत नाही. रबरी हातोडीने कडेला हलके ठोके द्या. फटीत पेचकस घालून उचकटू नका. अॅल्युमिनियमच्या कडेवर एक ओरखडा पडला तरी तिथून पुढे तेल झिरपत राहतं. चेंबर एका बाजूला झुकला की तेल त्या कोपऱ्यातून धारेने येईल. धार थांबल्यावर उरलेले बोल्ट काढा, चेंबर दोन्ही हातांनी आडवा धरून खाली घ्या. त्यात अजून लिटरभर तेल असतंच. काढलेलं तेल मोजून ठेवा. हा आकडा पुढे कामी येणार आहे.

चेंबरात काय सापडतं

हा भाग घाईने उरकू नका. गिअरबॉक्सच्या आत काय चाललंय हे न खोलता बघण्याची ही संधी पुन्हा लवकर येत नाही.

चेंबरच्या तळाशी एक-दोन चुंबकं असतात. त्यांच्यावर करड्या रंगाचा मऊ लेप जमलेला असेल. बोटाने चोळून बघा. बोटांत काही टोचलं नाही, काजळासारखं गुळगुळीत लागलं, तर ती पोलादी भागांची नेहमीची झीज आहे. लाखभर किलोमीटरनंतर चुंबकं त्या लेपाने केसाळ दिसतात आणि नवखा माणूस घाबरतो. घाबरायचं कारण नाही. टोचणारे तुकडे, सुईसारखी सळई, नखाएवढी कपची मिळाली तर मात्र बेअरिंग किंवा दात तुटतोय. चुंबकाला न चिकटणारे पिवळसर, पितळी कण तेलात चमकत असतील तर बुश किंवा वॉशर झिजतायत. तळाशी काळा, रवाळ गाळ जाड थराने बसला असेल तर तो क्लचच्या अस्तराचा भुगा आहे. थोडासा असणारच, थराने असणं वाईट.

फोर्डच्या काही जुन्या गिअरबॉक्समध्ये पहिल्यांदा चेंबर उघडल्यावर प्लास्टिकचं एक बूच सापडतं. कारखान्यात डिपस्टिकच्या भोकाला लावलेलं हे झाकण जुळणीच्या वेळी आत ढकललेलं असतं. काही तुटलेलं नाही.

जुना फिल्टरही फेकण्याआधी कापून बघा. पत्रा असेल तर कात्रीने कडा सोडवा, प्लास्टिक असेल तर करवतीने. आतला नमदा उलगडून उजेडात धरला की चेंबरात न दिसलेलं बरंच काही दिसतं, कारण तेलाबरोबर तरंगणारे कण इथे येऊन अडकलेले असतात.

फिल्टर आणि त्याचं सील

फिल्टर काही ठिकाणी दोन-तीन बोल्टने धरलेला असतो, काही ठिकाणी नुसता सीलच्या पकडीवर. बोल्टची लांबी वेगवेगळी असू शकते, म्हणून पुठ्ठ्यावर आकृती काढून ज्या जागेचा बोल्ट त्या जागी खोचा. लांब बोल्ट आखूड जागी गेला तर आतली झडप दाबून धरेल. फिल्टर ओढताना त्याच्या पोटातलं तेल भसकन खाली येतं. तोंड बाजूला ठेवा.

आता या कामातली सर्वांत नाजूक जागा. फिल्टरच्या मानेवर ओ-रिंग किंवा पत्र्याच्या कडीतलं रबरी सील असतं, आणि फिल्टर ओढला की ते पुष्कळदा वरच्या भोकातच चिकटून राहतं. तेलाने माखलेल्या काळ्या भोकात काळं सील दिसत नाही. नव्या फिल्टरबरोबर नवं सील येतंच, ते त्या जुन्यावर चढवलं तर फिल्टर वाकडा बसतो किंवा फट राहते. भोक पडलेल्या नळीने सरबत ओढलं तर तोंडात हवाच येते; पंपाचं अगदी तेच होतं. बाहेर एक थेंबही गळत नाही, पण गाडी पकड घेत नाही. म्हणून विजेरी धरा, बोट आत फिरवा आणि जुनं सील प्रत्यक्ष हातात आलंय याची खात्री करा. पत्र्याचं सील घट्ट बसलेलं असेल तर त्याची कड आतल्या बाजूला हळूहळू दुमडून ते सोडवावं लागतं. भोकाच्या भिंतीवर हत्यार लागू देऊ नका, तिथला ओरखडाही हवेला वाट देतो.

नव्या सीलला तेच गिअरबॉक्सचं तेल लावा. सील जागेवर धरून ठेवायला पेट्रोलियम जेली चालते, ती तेलात विरघळून जाते. चासीचं ग्रीस लावू नका. फिल्टर सरळ वर दाबा, पूर्ण बसल्याचं जाणवेल. आजूबाजूच्या वायरी आणि सोलेनॉईड (विजेवर चालणाऱ्या झडपा) यांना धक्का लावायचं कारण नाही.

व्हॉल्व्ह बॉडी, म्हणजे झडपांचा आणि तेलाच्या वाटांचा ठोकळा, उघडी आहे तोवर वरून तेल टपकत राहील. ते पुसायच्या भानगडीत पडू नका. तिच्यातल्या वाटा इतक्या अरुंद असतात की कापडाचा एक धागाही झडप अडकवू शकतो. चेंबर पुसायलाही धागे न सुटणारं कापड वापरा. पॅकिंगचे अवशेष प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. घासणीची किंवा सॅंडपेपरची पूड आत राहिली तर ती तेलाबरोबर फिरते. चुंबकं स्वच्छ करून मूळ खळग्यांतच परत ठेवा.

चेंबर परत बसवताना

पत्र्याच्या चेंबरची कड बोल्टच्या भोकांपाशी आधीच्या कोणीतरी जास्त आवळल्यामुळे वर उचललेली असते. लाकडी ठोकळ्यावर धरून हातोडीने ती सपाट करा, नाहीतर नवं पॅकिंगही गळेल. पॅकिंग कोरडं बसवा. सीलंट फक्त तिथेच, जिथे कंपनीने पॅकिंगऐवजी सीलंट सांगितलंय. पॅकिंगवर सीलंट थापलं तर ते घसरतं, आणि जास्तीचं आत लोंबून एक दिवस फिल्टरकडे जातं.

सगळे बोल्ट आधी हाताने लावा. मग टॉर्क पान्याने मधून सुरुवात करून तिरके-तिरके, दोन-तीन फेऱ्यांत आवळा. बहुतेक चेंबरचा आकडा १० ते १४ न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. नेमका आकडा आपल्या गाडीच्या पुस्तिकेतून घ्या. ११ न्यूटन-मीटर म्हणजे २० सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकाला सुमारे साडेपाच किलोंचा जोर. हाताला ते सैलच वाटतं आणि आणखी थोडं आवळायचा मोह होतो. गिअरबॉक्स अॅल्युमिनियमचा आहे, आटे गेले की हे सोपं काम लांबतं.

भरणं आणि पातळी

निघालं तेवढं तेल नरसाळ्याने आधी भरा, मगच इंजिन चालू करा. पंप कोरडा फिरता कामा नये.

पातळी थोडी कमी राहिली तर ब्रेक मारताना किंवा वळताना तेल एका बाजूला जातं आणि फिल्टरचं तोंड उघडं पडतं. जास्त झाली तर फिरणारे भाग तेलात बुडून ते घुसळतात, फेस होतो आणि पंप तो फेस ओढतो. दोन्हीकडे परिणाम एकच: हवा, आणि हवा दाबली जाते म्हणून चकत्या घट्ट आवळल्या जात नाहीत. शिवाय तेल तापलं की फुगतं. ९ लिटर तेल २० अंशांवरून ९० अंशांवर गेलं तर त्याचं आकारमान जवळपास अर्ध्या लिटरने वाढतं. म्हणून तापमान न पाहता मोजलेली पातळी निरुपयोगी.

डिपस्टिक असेल तर बहुतेक गाड्यांत तेल पूर्ण गरम करून, सपाट जमिनीवर, इंजिन चालू ठेवून बघतात. इंजिन बंद केलं की वरचं तेल चेंबरात उतरतं आणि पातळी खोटी वर दिसते. होंडात मात्र इंजिन बंद करून लगेच बघायची रीत आहे, तेव्हा आपल्या पुस्तिकेचा शब्द शेवटचा.

डिपस्टिक नसेल तर पातळीचा प्लग असतो. ब्रेकवर पाय ठेवून पी, आर, एन, डी असा दांडा प्रत्येक जागी काही सेकंद थांबवत फिरवा. चाकं हवेत असतील तर ती फिरतील, म्हणून या वेळी खाली कोणी नको आणि आत बसलेल्याने ब्रेक सोडायचा नाही. परत पी मध्ये आणा, इंजिन चालूच ठेवा. तेल ठरलेल्या तापमानाला आलं की प्लग उघडा. झेडएफमध्ये ही मर्यादा ३० ते ५० अंश आहे, इतर अनेक ठिकाणी ३५ ते ४५ च्या आसपास. धार येत असेल तर ती बारीक होऊन थेंब-थेंब पडेपर्यंत थांबा आणि प्लग लावा. काहीच आलं नाही तर आणखी तेल भरा. तापमान गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या ओबीडी स्कॅनरवर सर्वांत खात्रीने कळतं. लेझरचा थर्मामीटर पत्र्याच्या चेंबरवर अंदाज देतो, प्लास्टिकच्या चेंबरवर फसवतो.

नंतर गाडी सावकाश फिरवून आणा, सगळे गिअर पडू द्या, आणि परत आल्यावर चेंबरच्या कडेने कोरडं बोट फिरवून गळती बघा. दुसऱ्या दिवशी गाडीखाली पुठ्ठा टाकून पुन्हा बघा. पहिले काही दिवस गिअर थोडे वेगळे पडल्यासारखे वाटू शकतात. जुन्या तेलाच्या सवयीने कॉम्प्युटरने शिकलेले दाबाचे आकडे तो हळूहळू बदलतो, आणि काही गाड्यांत स्कॅनरने ते आकडे पुसून नव्याने शिकवावे लागतात. पण झटका, थरथर किंवा घसरणं तसंच राहिलं तर गाडी दामटू नका. पातळी पुन्हा बघा, आणि ती बरोबर असेल तर संशय त्या फिल्टरच्या सीलवर घ्या.

जुनं तेल झाकणाच्या डब्यांत भरा आणि वापरलेलं तेल गोळा करणाऱ्या केंद्रात किंवा गॅरेजात द्या. गटारात किंवा मातीत एक पेलाभरही ओतू नका. डब्यावर तारीख, किलोमीटर, किती तेल काढलं, किती भरलं आणि कोणतं, हे लिहून त्याचा फोटो काढून ठेवा. पुढच्या खेपेला हेच आकडे लागणार आहेत.